रात्रपाळीची पायरी

भिसेगावच्या पलीकडे, भिवपुरीचे जलविद्युतगृह १९२२ पासून चालू आहे. अशा वीजगृहांच्या प्रमुखपदी स्त्रिया क्वचितच का, असे विचारले की त्यांच्या ‘आवडी’कडे बोट दाखवले जाते. आम्हांला हे मान्य नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वीजनिर्मितीही कारखान्यात धरली व स्त्रियांना रात्रपाळीची मनाई केली. पर्यवेक्षकांना कामाच्या तासांचे इतर नियम माफ होते. स्त्री असल्यास हा एक नियम मात्र नव्हे! रात्रपाळीवाचून प्रमुखपद कसे मिळणार? मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही मनाई घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा बदलायला २०१५ उजाडले. बांधकामावर दिवसभर घमेली वाहणारीला मात्र कोणी अडवले नाही. बढतीसाठी अनुभवाची वर्षे मोजणाऱ्यांनी ही सदुसष्ट वर्षेही मोजावीत.