खिशातलं हत्यार

मागच्या महिन्यात मी एक चाकू विकत घेतला. दचकू नका, घडीचा चाकू! लाकडी मूठ, पातं जेमतेम 7 सेंटिमीटर, किंमत 280 रुपये. मधल्या मारुतीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाला.

घ्यायचं कारण अगदी साधं. वडील सांगोल्याहून डाळिंबाची पेटी घेऊन होस्टेलवर आले होते. आमच्या विंगमध्ये मुलं बावीस, मोबाईल तीस, आणि चाकू? एकही नाही! शेवटी ड्रॉईंगच्या स्टीलच्या पट्टीने डाळिंब फोडलं. त्याचा डाग माझ्या सोलापुरी चादरीवर अजून आहे. उद्याचे इंजिनिअर म्हणवणारी बावीस मुलं एका फळापुढे हरली, याची मला खरोखर लाज वाटली.

आता या नव्या पाहुण्याबद्दल. पात्यावर नखासाठी बारीक खाच आहे. तिथे नख घालून ओढलं की आधी पातं विरोध करतं, मग एकदम ‘खट्ट’ करून सरळ होतं. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, तिची ही करामत. ट्रकच्या पाट्याचा धाकटा भाऊच म्हणा ना! ती पात्याच्या बुडावर सतत दाबून बसते, म्हणून उघडा चाकू उघडा राहतो आणि मिटलेला मिटलेला. दुसऱ्या वर्षी ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’च्या पेपरात असल्या वाकणाऱ्या पट्टीचं गणित सोडवून मी मार्क मिळवले होते. ती पट्टी म्हणजे काय, ते बोटाला आत्ता कळलं.

दोषही सांगतो. धार यथातथाच होती. मेसमधल्या चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत कडा असते, तिच्यावर घासून ती मी सुधारली. दुसरं म्हणजे, या चाकूला लॉक नाही. दुसऱ्याच दिवशी पार्सलच्या खोक्यात टोक खुपसायला गेलो आणि पातं मिटून बोटावर आलं. चूक माझी. हा चाकू कापायला आहे, खुपसायला नाही. म्हणजे बघा, कोणाला भोसकायला गेलात तर आधी स्वतःचीच बोटं जातील!

पण विंगमधली पहिली प्रतिक्रिया काय होती? “काय बे, भाई झालास का?” हा सगळा हिंदी सिनेमाचा प्रताप. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या खटक्याच्या चाकूने पडद्यावर इतके खून पाडले, की खिशातला चाकू म्हटला की आपल्याला गुंडच दिसतो. वास्तविक 1891 साली स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर सैनिकांसाठी घडीचे चाकू पुरवू लागला, ते लढायला नव्हते. खाण्याचे डबे उघडायला आणि रायफलचे स्क्रू काढायला होते. पुढे 1897 मध्ये त्याने एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारं पेलली. आज जगभर ओळखला जाणारा ‘स्विस नाईफ’ तो हाच.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? माझ्या आबांच्या बंडीत कायम चाकू असायचा. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीची साल काढायला, सुतळी तोडायला, आम्हा पोरांना पेरू कापून द्यायला. त्यांचं पातं साध्या पोलादाचं, डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनने काळंभोर झालेलं. माझं स्टेनलेस, म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं, म्हणून ते चकचकीत राहतं. आबांचा नियम एकच होता, “दुसऱ्याच्या हातात देताना मिटून द्यायचा.” आपल्या भाषेत सुताराच्या अवजारांनाही हत्यारं म्हणतात आणि तलवारीलाही हत्यारच. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथला आपण झेंडूची माळ घालतो ना? मग हत्यार वाईट की हात वाईट, हे ओळखायला कधी शिकणार?

व्हायचं तेच झालं. रूम तपासणीत रेक्टर सरांना चाकू दिसला आणि तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. मी कायदा सांगायला लागलो. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाचे वगळले आहेत. सर शांतपणे म्हणाले, “अरे, तुझ्यावर विश्वास आहे. पण दीडशे पोरांवर कसा ठेवू? परीक्षेच्या दिवसांत दोन पोरांची जुंपली आणि तुझा चाकू टेबलावर असला तर?”

खरं सांगतो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश लागू असला, की शहरात असल्या वस्तू खिशात घेऊन फिरणं अंगाशी येऊ शकतं. त्यामुळे प्रत्येकाने खिशात चाकू ठेवावा, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बंदी घातली की प्रश्न संपतो, पण हात अडाणीच राहतो. चार वर्षं अभियांत्रिकी शिकून ज्याला धार लावता येत नाही, प्लगची वायर सोलता येत नाही, तो कारखान्यात गेल्यावर कामगारांपुढे काय तोंड दाखवणार? म्हणून प्रत्येक मजल्यावर एक हत्यारपेटी असावी. तीत एक चाकू, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर आणि धारेचा दगड ठेवावा. किल्ली वॉचमनकाकांकडे, नोंद वहीत. नेणाऱ्याने सही करायची आणि परत देताना, आबांच्या नियमाप्रमाणे, मिटून द्यायचं. जबाबदारी वापरातूनच अंगी येते.

सर म्हणाले, “अर्ज लिहून दे, बघतो.” अर्ज दिला आहे. खाली अठरा जणांच्या सह्या आहेत. ‘भाई’ म्हणून चिडवणाऱ्यांनीही केल्या आहेत! माझा चाकू पेटीसाठी द्यायलाही मी तयार आहे.

पुढच्या महिन्यात सांगोल्याहून पुन्हा पेटी येणार आहे. तोवर निर्णय झाला नाही, तर पट्टी आहेच. फक्त चादर आधी बाजूला काढेन.

– एक होस्टेलवासी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल