टोमॅटो सोवळ्यात की ओवळ्यात?

चातुर्मास लागला की आमच्या देवस्थानी मंडळींत एक जुना वाद ठरल्या वेळी डोके वर काढतो. टोमॅटो नैवेद्यास चालतो की नाही? महाजनांची बैठक असो, समाराधनेचे स्वयंपाकघर असो, की लग्नाच्या जेवणाची यादी असो. विषय निघाला की दोन पक्ष पडलेच. एक म्हणतो, हे म्लेंच्छांनी आणलेले फळ, देवाच्या पानावर त्याचे काय काम? दुसरा म्हणतो, काळ बदलला, आता असल्या गोष्टी पाहतो कोण? माझे म्हणणे असे की दोन्ही पक्ष चुकतात. फळ मुळात कोठून आले याचा एक पक्ष वाद घालतो, दुसरा त्याकडे हसून दुर्लक्ष करतो. परंतु हल्ली ते आपल्या घरात कोणत्या वाटेने येते, हा खरा प्रश्न दोघांपैकी एकालाही सुचत नाही.

प्रथम परकेपणाचा आक्षेप घेऊ. टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूस, पेरू आणि एक्वादोर या देशांत वाढतात. त्याला लागवडीखाली आणून मोठे केले ते मेक्सिकोतील लोकांनी. त्याचे नावही तिकडच्याच नाहुआत्ल भाषेतले. सोळाव्या शतकात ते युरोपात गेले आणि पोर्तुगीज गलबतांतून आपल्याकडे उतरले, असे सामान्यतः मानतात. आपल्या लोकांनी त्याला कोठे वेलवांगी म्हटले, वऱ्हाडाकडे भेदरे म्हटले, आणि मुकाट्याने कालवणात घातले. आक्षेपकांच्या मनातील वेदना मी हलकी लेखीत नाही. ज्या राजवटीने तिसवाडीतील आणि साष्टीतील देवळे मोडली, तिच्या गलबतांतून आलेल्या वस्तूकडे आमच्या पणजीने संशयाने पाहिले असेल, तर त्यात तिचे काही चुकले नाही.

परंतु मग तोच न्याय सगळ्यांना लावा. एकादशीच्या दिवशी आपल्या ताटात काय असते ते जरा नीट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचाच आणि त्याचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडचे. रताळे अमेरिकेचे, हिरवी मिरचीही अमेरिकेची. जिरे आणि तूप वगळले तर उपवासाची अवघी खिचडी समुद्रापलीकडून आलेली आहे, आणि ती खाऊन आपण पुण्य जोडतो! काजू ब्राझिलातला, त्याच्यावाचून आमच्या सणाचे पान पुरे होत नाही. खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ती आपलीच म्हणून आपण छाती फुगविली. आणि सर्वांवर कडी म्हणजे झेंडू! दसऱ्याला ज्याचे तोरण दाराला लागते, ज्याच्या माळा प्रत्यक्ष देवाच्या गळ्यात पडतात, तो झेंडू टोमॅटोचा सख्खा गाववाला, मेक्सिकोचाच. त्याला गर्भगृहात मान आणि त्याच्या शेजाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करणे, याला शास्त्र म्हणावे की सवय?

आणखी एक गोष्ट नम्रपणे विचारतो. आपली दैवते तरी आज मूळच्या जागी आहेत काय? श्रीमंगेश कुशस्थळीहून आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून आली. सोळाव्या शतकातील त्या भयानक दिवसांत आपल्या पूर्वजांनी त्यांना नदीपार अंत्रुज महालात आणून स्थापिले. मूळ ठिकाण सुटले म्हणून देवत्व उणे झाले नाही. नव्या मातीत सेवा घडत राहिली म्हणून ते तेथलेच झाले. जो समाज आपल्या देवांच्या बाबतीत हे जाणतो, त्याने एखाद्या रोपाला चारशे वर्षांनंतरही परके म्हणावे, हे त्याला शोभत नाही.

दुसरा आक्षेप अधिक शहाणा आहे. टोमॅटो वांग्याच्या कुळातला. चातुर्मासात वांगे वर्ज्य, म्हणून तोही वर्ज्य. कूळ खरे. पण त्याच कुळात बटाटा आहे आणि मिरचीही आहे, हे आक्षेपक सोयीने विसरतात. तथापि मला या आक्षेपातले एक मर्म पटते. नियम कुळाचा नव्हे, ऋतूचा म्हणून पाहिला तर तो सरळ उलगडतो. गोव्यात आणि कोकणात घरच्या टोमॅटोचे बी टाकावे ते पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या आसपास. पंचवीस-तीस दिवसांनी, दिवाळीच्या सुमारास, रोपे जागेवर लागतात. त्यानंतर साधारण दोन-अडीच महिन्यांनी, पौषात, फळ लाल होऊ लागते आणि माघातल्या जत्रांपर्यंत ऐन भरास येते. सारांश, परसातला टोमॅटो चातुर्मासात पिकतच नाही! जो घरचे खातो त्याच्यापुढे हा धर्मप्रश्न उभाच राहत नाही. तो उभा केला बाराही महिने भरलेल्या बाजाराने. आषाढात आपल्या परसात बिमली असते, अंबाडे असतात, डब्यात वाळवलेली सोले असतात. आंबटपणासाठी आमच्या स्वयंपाकाला टोमॅटोची गरज कधी नव्हती आणि त्या महिन्यांत आजही नाही. खतखत्यात तो घालू नका, मी आग्रह धरणार नाही.

येथे माझ्या थोरल्या आत्याची गोष्ट सांगितली पाहिजे. ती विधवा, कडक सोवळ्याची. नैवेद्याच्या दिवशी मी बाजारातून टोमॅटो आणले की ती पिशवीकडे पाहून म्हणे, ‘तें आमच्या पोरसांतलें न्हय.’ आम्ही पोरे हसत असू. म्हातारीला विलायती वस्तूचा विटाळ वाटतो असे आम्ही धरून चाललो होतो. पुष्कळ वर्षांनी, तिचे हातपाय थकल्यावर, मी एकदा सहज विचारले, ‘आत्ये, तो विलायती म्हणून ना?’ ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, ‘पुता, पोरसांत पिकल्लें जाल्यार हाड.’ परसात पिकले असेल तर आण! एवढ्या वर्षांत तिने फळाची जात एकदाही विचारली नव्हती. ते कोणाच्या हातचे, कोणत्या मातीतले आणि कोणत्या पाण्यावरचे, एवढेच ती विचारीत होती. आणि आम्ही शिकलेली माणसे तिला अडाणी समजत होतो. त्या वर्षी परसात टोमॅटोचे एक झाड असते, तर मी पळत जाऊन तोडून आणले असते. नव्हते. परसच उरले नव्हते.

आता आपल्या घरी येणारा टोमॅटो पाहा. लांब पाठवायचा तो झाडावर जेमतेम रंग धरू लागला की तोडावा लागतो. पिकतो तो पेटीत, वाटेवर. रंग येतो, पण झाडाने शेवटच्या आठवड्यात ओतायची गोडी यायची राहून जाते. घरी आणून तो आपण शीतकपाटात कोंबतो आणि उरलासुरला वासही मारतो. यात बेळगावकडच्या शेतकऱ्याचा दोष मुळीच नाही. तो घाम गाळतो म्हणून गोव्याची चूल पेटते. आणि कित्येक वर्षी भाव कोसळला की त्यालाच आपला माल रस्त्यावर ओतून घरी जावे लागते. दोष आपला आहे. एक मूठ भाजीसाठीही आपण घाटाकडे डोळे लावून बसतो. १९५५ पासूनच्या नाकेबंदीत घाटावरची वाट बंद झाली तेव्हा बटाटेसुद्धा परदेशातून बोटीने आणावे लागले. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली, ट्रक अडले, आणि भाजीसाठी घरोघर तारांबळ उडाली. २०२३ च्या जुलैत टोमॅटो अनेक शहरांत किलोला १०० रुपयांच्या वर, कोठे कोठे २०० च्याही वर गेला. तीन वेळा धडा मिळाला. आपण काय शिकलो? परस खणण्याऐवजी त्यावर सिमेंटचे पेव्हर घातले!

हे मी कडवटपणे लिहितो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका देवस्थानच्या आवारात, अग्रशाळेमागे, मातीचा एक पट्टा होता. तेथे तुळस, अबोली, अळू आणि दोन-चार मिरच्या असत. पुजाऱ्यांच्या घरची मंडळी त्यांना पाणी घालीत. चिखल होतो, गाड्या ठेवायला जागा हवी, या कारणासाठी तो पट्टा एका उन्हाळ्यात फरशीखाली गेला. ठराव एकमताने झाला. त्याच बैठकीत, नैवेद्याच्या शुद्धतेविषयी, टोमॅटोवर अर्धा तास चर्चा झाली होती. देवाची माती आपल्या हाताने मिटविणारे लोक फळाच्या सोवळ्याची चौकशी करतात, यापरती थट्टा कोणती?

‘अहो, पण आमच्या मातीत ते होत नाही,’ हा तिसरा आक्षेप. तो निम्मा खरा आहे आणि निम्मा आळसाचा. जांभ्याच्या आंबट मातीत आणि दमट हवेत टोमॅटोला मर रोग लागतो. हिरवेगार झाड एका दिवसात मान टाकते. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. बुंध्याजवळचे खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखा धागा उतरू लागला तर तो जिवाणूंचा मर रोग समजावा. झाड उपटून परसाबाहेर काढावे, आणि त्या वाफ्यात तीन वर्षे टोमॅटो, वांगे, मिरची यांपैकी काही लावू नये. मका किंवा तांबडी भाजी लावावी. लागवडीपूर्वी मातीत थोडा चुना आणि कुजलेले शेणखत मिसळावे, वाफा उंच करावा. बेंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेली ‘अर्का रक्षक’ ही संकरित जात या रोगाला पुष्कळ दाद देत नाही. मर न लागणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम करण्याची रीतही आता रूढ आहे. चातुर्मासात ज्या वांग्याची नालस्ती होते तेच टोमॅटोला पाय देते, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे!

बाकी व्याप फारसा नाही. दिवसाचे सहा तास ऊन, दोन झाडांत दीड-दोन हातांचे अंतर, आधाराला बांबूची काठी, बुंध्याशी सुपारीच्या झावळ्यांचा किंवा पालापाचोळ्याचा थर. पाणी रोज बेताचे द्यावे. आज कोरडे आणि उद्या पूर असे केले तर फळाचे बूड काळे पडते. फुले आली की सकाळी काठीला हलकी टिचकी मारावी, पराग झडतो. एरवी हे काम भुंगे गुणगुणत करतात. आणि शेजारी झेंडू लावा. त्याच्या मुळांमुळे टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी कमी होतात. देवाच्या निर्माल्यातली वाळलेली झेंडूची फुले नदीत टाकण्यापेक्षा या वाफ्याच्या कडेला चुरगळून पेरा. निर्माल्याला याहून पवित्र जागा मिळणार नाही. ज्यांना परस नाही, त्या इंदूर-बडोद्याच्या गच्चीवाल्यांना पंधरा लिटरची जुनी बादली पुरे. ग्वाल्हेरकडच्यांनी तेवढे पौषातल्या दंवापासून झाड रात्री झाकावे.

देवस्थान समित्यांकडे माझे मागणे एवढेच आहे. आवारातला एक तरी पट्टा मोकळा ठेवा. फरशी घातली असेल तर चार हात उखडा. नवरात्रात तेथे बी टाका आणि दिवाळीच्या सुमारास प्रत्येक कुळाव्याच्या हाती दोन-दोन रोपे प्रसाद म्हणून द्या. संकरित जातीचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. म्हणून एखादी साधी देशी चालीची जातही लावा, तिचे पहिले उत्तम फळ बियाण्यासाठी राखा, गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून बी धुऊन वाळवा, आणि जत्रेत वाटा. पत्रावळीवर पैसे खर्च करणाऱ्या समाजाला मूठभर बियांचा भार होऊ नये. चतुर्थीच्या माटोळीची फळे एके काळी कुळागरातून आणि रानातून येत; आज आपण ती वाटा लावून बाजारात विकत घेतो. तेथून जे हरवले ते एकदम परत येणार नाही, पण एका वाफ्यापासून आरंभ करता येईल.

आणि तरीही ज्यांना टोमॅटो देवाला नकोच, त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांनी त्या वाफ्यात दोडकी लावावीत, वाल लावावा, काय वाटेल ते लावावे. मात्र लावावे! सोवळे म्हणजे आपल्या हाताने, आपल्या आवारात, डोळ्यांदेखत वाढलेल्या अन्नाची जबाबदारी घेणे, असा अर्थ माझ्या आत्याला ठाऊक होता. ती जबाबदारी टाकून दिलेल्या हातांनी कोणतेही फळ पानावर वाढले, तरी मला तिचा तोच आवाज ऐकू येतो: हें आमच्या पोरसांतलें न्हय.