पतन, स्खलन आणि एक न सापडणारा शब्द

हार्बर लोकलने कॉटन ग्रीन येईतो, दाराजवळच्या पत्र्यावर चिकटवलेला तो कागद आपण सर्वांनीच वाचलेला असतो: शीघ्रपतन, स्वप्नदोष, खात्रीशीर इलाज. इलाजाचे सोडा; शब्द पाहा. देहाच्या एका नैसर्गिक क्षणाला मराठीने एकदा ‘दोष’ म्हटले आहे आणि एकदा ‘पतन’.

तिसरा शब्द ‘स्खलन’. धातू स्खल्, म्हणजे घसरणे, अडखळणे. डोंगराचे होते ते भूस्खलन. न अडखळता बोलतो तो अस्खलित वक्ता. मूळ अर्थात निंदा नव्हती, केवळ हालचाल होती. महाभारतात तर सांडलेल्या तेजावरूनच (स्कंद् म्हणजे सांडणे) देवांच्या सेनापतीला ‘स्कंद’ हे नाव मिळाले, आणि त्यात कोणाला लाज वाटली नाही. माझ्या मते, वीर्य हे साठवायचे धन ठरले तेव्हा त्या घसरण्यात नीती शिरली.

सुमारे तिसऱ्या शतकातल्या कामसूत्रात रतीचे पर्यायी शब्द येतात: रस, प्रीती, भाव, राग, वेग, समाप्ती. यांत पडणे कुठेही नाही. स्त्रीला हे सुख पुरुषासारखेच लाभते का, यावर औद्दालकी आणि बाभ्रव्याचे अनुयायी यांचा वादही तिथे नोंदलेला आहे. वात्स्यायनाचा कौल ‘लाभते’ असाच आहे.

आपल्या प्रचलित शब्दांत मात्र तिला जागाच नाही. पुरुषाच्या पतनावर औषध मिळते. स्त्रीचे पतन झाले की ती ‘पतिता’ ठरते. धातू तोच, पण एकाला दवाखाना आणि दुसरीला शिक्षा.

या अन्यायाविरुद्ध मराठीत सर्वांत स्पष्ट लिहिले ते र. धों. कर्वे यांनी. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने नोकरी गमावल्यावर जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि कामसुखावर स्त्रीचाही हक्क आहे, हे आडपडदा न ठेवता मांडले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर, ज्यांची उमेदीची वर्षे इथून जवळच, परळच्या बीआयटी चाळीत गेली. खटला ते हरले. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे वारले तोवर चालले.

‘ऑरगॅझम’च्या ग्रीक मुळाचा अर्थ रसाने भरून येणे, टपोरणे. पिकत्या फळासाठी वापरावा असा शब्द. आपल्याकडे ‘कामतृप्ती’ आहे, ‘परमोच्च सुख’ आहे, पण ते छापील कागदावर. डॉक्टरसमोर बसलेली मराठी बाई आजही हळूच इंग्रजी शब्द उच्चारते, किंवा काहीच बोलत नाही.