सौताड्याचा धबधबा
बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, सौताडा गावाजवळ, विंचरणा नदी बालाघाटच्या कड्यावरून खोल दरीत कोसळते. भोवतीचा मुलूख अवर्षणप्रवण आहे. बालाघाट लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला असून कठीण कातळाखालचा ठिसूळ थर पाण्याने आधी झिजतो, वरचा भाग अधांतरी राहून तुटतो आणि पायथ्याशी डोह खोदला जातो. मांजरा नदीचा उगमही याच तालुक्यात. पण ती पूर्वेकडे गोदावरीला मिळते, तर विंचरणेचे पाणी सीना व भीमेमार्गे कृष्णेत जाते. लातूर जिल्ह्यातल्या औशाहून सौताड्याला एका दिवसात जाऊन यायचे तर पहाटेच निघावे लागते. दरीत रामेश्वराचे मंदिर आहे आणि तिथवर पायऱ्या उतरतात. पुढे खडकांतून चालताना गावातला जाणता वाटाड्या सोबत असलेला बरा: पाणी कुठे खोल, शेवाळ कुठे, हे त्यालाच ठाऊक. भर पावसाळ्यात डोहात उतरणे धोक्याचेच, कारण वर झालेल्या पावसाचा लोंढा खाली अचानक येतो. पाऊस ओसरल्यावर, धार बारीक आणि पाणी नितळ झाले की, मनाई नसेल तेथे काठाकाठाने पोहता येते. सूर मात्र मारू नये, तळाशी कड्याचे तुटलेले दगड असतात. उन्हाळ्यात पोहण्याचा प्रश्नच उरत नाही, धारच आटते.