पत्ता थांब्याचा, बस कुणाची?

भोपाळमध्ये कुणाला घरचा पत्ता विचारा, तो बहुतेक वेळा गल्ली सांगत नाही, थांबा सांगतो. ‘५ नंबरला उतर’, ‘१० नंबरच्या मार्केटात भेटू’, ‘आमचं क्वार्टर सेकंड स्टॉपला आहे’. बाहेरून आलेला माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, हे घराचे नंबर असतील नाहीतर सेक्टरचे. पण हे नंबर बसथांब्यांचे आहेत.

यामागे आपल्या मराठी माणसांचाही थोडा इतिहास आहे. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. सचिवालयातली कितीतरी कुटुंबं फायलींच्या मागोमाग नागपूरहून भोपाळला आली. आमचे आजोबा त्यातलेच. त्यांच्यासारख्यांसाठी जुन्या शहराच्या दक्षिणेला सरकारी क्वार्टरांच्या ओळी उभ्या राहिल्या. एका वस्तीला तात्या टोप्यांचं नाव मिळालं, जिला आता सगळे नुसतं टीटी नगर म्हणतात. एक शिवाजीनगर झालं आणि त्याला लागून आमचं तुलसी नगर. घरात आम्ही तुळशीनगर म्हणतो, उंबरठा ओलांडला की तुलसी नगर. नवी वस्ती, सगळे परके, खुणेची जुनी दुकानं नाहीत की देवळं नाहीत. मग बस जिथे थांबायची तोच नंबर लोकांनी पत्ता म्हणून धरला.

नंबर आजही आहेत. त्या नंबरवर बस येईल याची खात्री मात्र राहिलेली नाही. या लेखात मला बोलायचंय ते याबद्दल.

मुंबईला शिकायला आल्यापासून दर सुट्टीआधी कुणीतरी मला विचारतं, “भोपाळला येतोय, सांची-भीमबेटका करायचंय. कॅब मिळते ना?” मिळते. पण माझं उत्तर ठरलेलं असतं, निदान एक दिवस तरी कॅब घेऊ नका. ज्या गाडीतून तिथली माणसं कामाला जातात, त्या गाडीतून फिरा. शहर बघायचा तोच सरळ मार्ग आहे.

आता फिरायचं कसं, तेही सांगते. लाल रंगाची शहरबस असेल तर तिच्या कपाळावर एसआर किंवा टीआर अशी अक्षरं आणि पुढे नंबर असतो. नंबर वाचत बसू नका, दारातल्या माणसाला विचारा. मिनीबस आली तर ती येण्याआधी कंडक्टरचा आवाज येतो. सगळ्या थांब्यांची नावं तो एका दमात म्हणतो, त्यात तुमचं नाव ऐकू आलं की हात करा. नाहीच आलं तर ‘भाई मियाँ, न्यू मार्केट जाएगी?’ एवढं पुरे. मग मॅजिक. चारचाकी, छोटी, सहा-सात माणसांसाठी बनवलेली आणि दहा जणांना घेऊन जाणारी. ती थांब्यावर नाही, चौकात भरते. रोशनपुरा, बोर्ड ऑफिस, लालघाटी असे चौक माहीत असले की अर्धं शहर हातात येतं. आणि एक लक्षात ठेवा, हबीबगंज स्टेशनचं नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, पण मॅजिकवाल्याच्या तोंडी अजून हबीबगंजच असतं. दोन्ही नावं पाठ करून या.

मुंबईकरांना हे काही नवीन नाही. स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा तशीच चालते, सीट भरली की सुटते. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. भोपाळमध्ये तिला वेगळं नाव नाही, एवढाच फरक.

माझा मावसभाऊ फिलिपिन्समध्ये दावाओला डॉक्टरी शिकायला गेला. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे जातात. त्याने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं, “अगं, इथे आपली मॅजिकच आहे, फक्त लांबलचक आणि नटवलेली.” ती म्हणजे जीपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य आपल्या जीपगाड्या मागे सोडून गेलं. तिथल्या कारागिरांनी त्यांची पाठ लांब केली, दोन बाजूंना समोरासमोर बाकं टाकली, वर छप्पर चढवलं आणि देशाला स्वतःचं वाहन मिळालं. मार्ग काचेवर आणि बाजूला रंगवलेला असतो. कंडक्टर बहुधा नसतोच. मागे बसलेला माणूस ‘बायाद पो’ म्हणजे ‘भाडं घ्या जी’ म्हणत पैसे पुढच्याच्या हातात देतो, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे तसेच परत येतात. उतरायचं असेल तर मनिलात म्हणायचं ‘पारा पो’. दावाओत ‘लुगार लँग’ म्हटलं की गाडी थांबते. तो ‘पो’ म्हणजे आपल्या भोपाळी बोलण्यातला ‘जी’. अनोळखी माणसाशीही अदबीने बोलायचं.

जीपनीवर मेरीमातेची चित्रं असतात, मुलाबाळांची नावं असतात, बायबलमधली वचनं असतात. एक पाटी तर तिथे फार प्रसिद्ध आहे, ‘गॉड नोज हूदास नॉट पे’. कोण भाडं देत नाही ते देवाला ठाऊक आहे, असा अर्थ. पण खरी गंमत ‘हूदास’मध्ये आहे, कारण येशूला पैशांसाठी दगा देणाऱ्या जुदासला त्यांच्या भाषेत हूदास म्हणतात. म्हणजे फुकट उतरणारा प्रवासी थेट जुदासच्या रांगेत! तिकीट तपासनीस नाही, मशीन नाही, नुसती एक कोटी आणि शेजाऱ्याच्या हातातून जाणारे पैसे. एवढ्या भरवशावर देशभर गाड्या चालतात.

इथपर्यंत सगळं छान वाटतं, आणि नेमकं इथेच मला थांबायचंय. कारण प्रवासी म्हणून गेलेली माणसं इथेच थांबतात. ‘काय मजा आली, दाटीवाटीने बसलो, फोटो काढले’. त्यांना ती गाडी एक दिवसाची गंमत असते. जी बाई रोज पहाटे त्याच गाडीने चार घरची कामं करायला जाते, तिच्या दृष्टीने ती गंमत नाही. तिच्याकडे दुसरं काहीच नाही, म्हणून ती त्या गाडीत आहे. मॅजिकमधली दाटी ही भोपाळची संस्कृती नाही. पुरेशा बस नाहीत, त्याचा तो पुरावा आहे.

बस का नाहीत? मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ बंद करायचा निर्णय २००५ साली झाला. महाराष्ट्रातल्या वाचकांनी क्षणभर कल्पना करावी की एसटी बंद झाली. १९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर सुरू झालेली, आज महिलांना अर्ध्या तिकिटात नेणारी आपली एसटी उद्या नाहीच, तर गावाकडच्या किती मुली कॉलेजला येतील? आमच्याकडे हे प्रत्यक्ष झालं, आणि ती जागा खासगी गाड्यांनी भरली.

शहरातही तेच. २०१३ मध्ये भोपाळमध्ये बीआरटीएस आली. मिसरोदपासून बैरागढपर्यंत सुमारे २४ किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका. मोटारवाल्यांनी पहिल्या दिवसापासून तक्रार केली की रस्ता अरुंद झाला. २०२४ मध्ये ती मार्गिका उखडायला सुरुवात झाली. मग २०२५ च्या डिसेंबरात मेट्रो आली, सुभाषनगर ते एम्स, आठ स्थानकं. चकाचक आहे, मी बसले आहे, अभिमानही वाटला. पण मेट्रोच्या स्थानकापासून ५ नंबरपर्यंत जायचं कसं, हा प्रश्न मेट्रो सोडवत नाही. मनिलात १९८४ पासून शहरी रेल्वे आहे, तरी घरापासून स्थानकापर्यंत लोकांना आजही जीपनीच नेते. मोठी गाडी आली म्हणून छोटी नको होते असं नाही. उलट छोटी नीट नसेल तर मोठी रिकामी धावते.

आमच्या कॉलनीतली माझी एक मैत्रीण आहे. भोपाळमध्येच शिकते. तिला संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा होता. क्लास आठला सुटायचा. आठनंतर तिच्या मार्गावर बस मिळेल की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं, मॅजिक त्या वेळी भरत नव्हती आणि एकटीने रोज रिक्षा करायची तर महिन्याचा खर्च क्लासच्या फीच्या बरोबरीने जात होता. तिच्या धाकट्या भावाकडे स्कूटर आहे. क्लास त्याने लावला. घरात कुणीही ‘मुलीने शिकू नये’ असं म्हटलं नाही. सगळे पुढारलेलेच आहेत. फक्त बस नव्हती. शहरबस नसण्याचा फटका पहिल्यांदा कुणाला बसतो, हे याहून सोपं करून मला सांगता येणार नाही.

आपल्या मंडळाचा कार्यक्रम रात्री साडेआठला संपतो आणि आपण गप्पा मारत स्टेशनकडे चालायला लागतो. कविता लांबली तरी कुणी घड्याळ बघत नाही, कारण पुढची लोकल आहे हे माहीत असतं. हे स्वातंत्र्य आपण कमावलेलं नाही, ते वेळापत्रकाने आपल्याला दिलंय.

आता दुसरी बाजू. मिनीबसवाले आणि मॅजिकवाले साधुसंत आहेत असं मी म्हणत नाही. ते रस्त्यात कुठेही थांबतात, सवारीसाठी एकमेकांशी शर्यत लावतात, धूर सोडतात. गर्दीत मुलींना काय सोसावं लागतं ते इथे लिहायची गरज नाही, वाचणाऱ्या मुलींना माहीत आहे. तेव्हा ‘हे सगळं हटवा आणि नवं आणा’ असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण नुसतं हटवून काय होतं, तेही फिलिपिन्सने दाखवलंय. २०१७ पासून तिथल्या सरकारने जुन्या जीपनी बदलायची मोहीम काढली. हेतू चुकीचा नव्हता, ती जुनी इंजिनं खरंच हवा खराब करतात. पण नव्या गाडीची किंमत वीस लाख पेसोंच्या वर, आणि एकट्या मालकाने सहकारी संस्थेत सामील व्हावं ही अट. आयुष्यभर एक गाडी चालवून मुलांना शिकवलेल्या माणसाला हे कर्ज कसं फिटणार? २०२३ च्या मार्चमध्ये ड्रायव्हरांनी संप केला. हवा स्वच्छ व्हायला हवी आणि ड्रायव्हरही जगायला हवा. यातलं एकच निवडायला लावणारी योजना अर्धवट आहे, असं माझं मत आहे.

म्हणून भोपाळसाठी मला काही भव्य नकोय. प्रत्येक नंबरच्या थांब्यावर एक पाटी हवी, कोणती बस येते आणि शेवटची किती वाजता. मॅजिकला ठरलेला मार्ग आणि ठरलेलं भाडं हवं, दारावर रंगवलेलं, जीपनीसारखं. मेट्रोच्या दारात या गाड्यांना हुसकावण्याऐवजी उभं राहायला जागा हवी. आणि रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाला एक तरी बस हवी, रिकामी गेली तरी चालेल. रस्त्यावरचे दिवे आपण कुणी चालत नसताना विझवत नाही. बसचंही तसंच असायला हवं.

हे होणार नाही असं कुणी म्हणेल, तर मी २०२४ च्या जूनची आठवण करून देईन. तुलसी नगर आणि शिवाजीनगरमध्ये मंत्री-आमदारांचे बंगले बांधायचा प्रस्ताव आला आणि त्यापायी २९ हजार झाडं जातील असं कळलं. बायका झाडांना बिलगल्या, म्हातारी माणसं रस्त्यावर आली, आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. म्हणजे आमच्या वस्तीचं ऐकलं जातं. मग बससाठी तेवढी माणसं का उतरली नाहीत? मला वाटतं, झाड तुटताना सगळ्यांना दिसतं, बस कमी होताना फक्त थांब्यावर उभ्या असलेल्यालाच दिसते. आणि ज्यांच्या शब्दाला वजन आहे ते थांब्यावर उभे राहत नाहीत, त्यांच्या दारात गाडी असते.

तेव्हा भोपाळला नक्की या. बसने फिरा, मॅजिकमध्ये चेपून बसा, फोटोही काढा. पण कुठल्यातरी संध्याकाळी सातनंतर ५ नंबरला अर्धा तास उभे राहा आणि तुमच्या शेजारी कोण कोण उभं आहे ते बघा. कॉलेजची बॅग घेतलेली मुलगी असेल, १२५० च्या दवाखान्यातून रुग्णाला भेटून निघालेले काका असतील, डबा धुऊन पिशवीत ठेवलेली बाई असेल. त्यांना विचारा, बस कधी येते. त्यांचं उत्तर तुमच्या प्रवासवर्णनात जरूर लिहा.