अर्धांगवायू आणि पाण्याचा घोट

अर्धांगवायू झालेल्या आजोबांच्या हातापायांना कोणते तेल चोळावे, हे नातेवाईक हमखास विचारतात. घशाची चौकशी कोणीच करीत नाही. वास्तविक सुमारे निम्म्या रुग्णांचे गिळण्याचे स्नायूही सुरुवातीला दुबळे होतात. निजवून चमच्याने पाजलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, कित्येकदा ठसकाही लागत नाही, आणि न्यूमोनिया होतो. दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. आम्ही गोळ्या लिहून देतो, गिळणे तपासत नाही. माझ्या मते ही तपासणी होईपर्यंत रुग्णाला तोंडाने पाणीही देऊ नये. नंतरही ताठ बसवूनच लहान घास द्यावेत, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये, तोंड स्वच्छ ठेवावे. बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. तोवर मायेपोटी घाई नको.