बिली द किड आणि गव्हर्नरचा शब्द

मागच्या विकांताला 'द लेफ्ट हँडेड गन' हा १९५८ चा सिनेमा पाहिला. पॉल न्यूमन झालाय डावखुरा बिली द किड. नंतर वाचलं तर कळलं, बिली डावखुरा नव्हताच! त्याचा तो प्रसिद्ध फोटो टिनटाइप, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा. त्यावरून लोकांनी त्याला डावखुरा करून टाकला.

म्हटलं, बाकीची गोष्टही उलटी तर नाही ना?

साल १८७८. न्यू मेक्सिको तेव्हा राज्य नव्हतं, नुसती टेरिटरी. लिंकन काउंटीत मर्फी-डोलन यांच्या दुकानाची मक्तेदारी आणि शेरीफ ब्रेडी त्यांच्या बाजूचा. टन्स्टॉल नावाच्या २४ वर्षांच्या इंग्रजाने समोर दुसरं दुकान टाकलं. १८ फेब्रुवारीला शेरीफच्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. बिली या टन्स्टॉलचा नोकर.

आता गंमत बघा. स्थानिक न्यायाधीशाने मारेकऱ्यांविरुद्ध वॉरंट काढलं आणि ते बजावायला बिली आणि मंडळींनाच नेमलं. म्हणजे पठ्ठ्या चक्क सरकारी माणूस! मग गव्हर्नरने त्या न्यायाधीशाची नेमणूकच बेकायदा ठरवली. आमच्या भाषेत, अॅडमिनने अॅक्सेस काढून घेतला. एका सहीने कायद्याची माणसं गुंड झाली.

अर्थात बिली काही संत नव्हता. त्याच्या टोळीने हाती आलेले कैदी मारले, १ एप्रिलला ब्रेडीलाही भर रस्त्यात मारलं.

१८७९ मध्ये नवे गव्हर्नर लू वॉलेस ('बेन-हर' लिहिणारे तेच) बिलीला भेटले. दुसऱ्या एका खुनाबद्दल साक्ष दे, माफी मिळेल. बिलीने जिवावर उदार होऊन साक्ष दिली. माफी काही आली नाही. एप्रिल १८८१ मध्ये ब्रेडीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. दोन पहारेकऱ्यांना मारून तो पळाला आणि १४ जुलैला पॅट गॅरेटने त्याला संपवलं. वय जेमतेम २१.

त्या सगळ्या मारामारीत आरोपी डझनावारी होते. दोषी ठरला एकटा बिली. टन्स्टॉलची मालमत्ता पुढे डोलनकडेच गेली.

आमच्याकडे एकदा प्रॉडक्शन सर्व्हर झोपला. चुका पाच जणांच्या, रिपोर्टमध्ये नाव आलं सगळ्यात ज्युनियर पोराचं. चूक त्याचीही होती, हे खरंच. पण ते नाव लिहिल्यावर बाकीच्यांना कोणी काही विचारलंच नाही, आणि मीही मीटिंगमध्ये गप्प बसलो.

२०१० च्या शेवटच्या दिवशी गव्हर्नर रिचर्डसन यांनी बिलीला मरणोत्तर माफी नाकारली. माझ्या मते बरोबर केलं. त्या दोन पहारेकऱ्यांचं काय? पण शब्द फिरवणाऱ्या सरकारचा आणि सुटलेल्या डोलनचा हिशोब राहिलाच की! एकाला लटकवून फाईल बंद करणं सोपं असतं. त्याला न्याय म्हणायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

असो. सोमवारी त्या पोराला चहाला नेणार आहे. बघू काय म्हणतो.